उमेदवारीची मुदत

लोकसेवा आयोगाचा अंतिम निकाल लागल्यावर दुसऱ्या दिवशी मराठी वृत्तपत्रांची पाने ज्या छायाचित्रांनी भरून जातात, ती पाहून ज्याला आनंद होत नाही असा वाचक विरळाच. कोरडवाहू शेतीवर गुजराण करणाऱ्या बापाशेजारी उभी असलेली मुलगी, शिवणयंत्रावर संसार ओढणाऱ्या आईच्या पायांवर डोके ठेवणारा मुलगा, वेशीपासून गुलाल उधळीत निघालेली मिरवणूक, चौकातला फलक आणि त्या फलकावर नावाखाली ठळक अक्षरांत लिहिलेला हुद्दा, या सर्व दृश्यांत एका समाजाची उमेद साठविलेली असते आणि तिचा अवमान करण्याचा अधिकार कोणालाही नाही. तथापि ज्यांची नावे त्या यादीत आली नाहीत, त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिण्याचा प्रसंग वृत्तपत्रांवर क्वचितच येतो, आणि आला तर तो बहुधा एखाद्या दुःखद बातमीच्या निमित्ताने येतो. तसा प्रसंग येण्यापूर्वीच त्यांच्या जगण्याचा विचार व्हावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेसाठी दरवर्षी दहा लाखांच्या घरात किंवा त्याहूनही अधिक अर्ज येतात, आणि अखेरीस निवड होते ती हजारभर उमेदवारांची. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवेच्या जागा काही शेकड्यांत मोजाव्या लागतात, तर उमेदवारांची गणती लाखांत होते. केंद्रीय परीक्षेत खुल्या प्रवर्गाला वयाच्या ३२ व्या वर्षापर्यंत ६ संधी मिळतात, इतर मागास प्रवर्गाला ३५ व्या वर्षापर्यंत ९, आणि अनुसूचित जाती-जमातींना ३७ व्या वर्षापर्यंत हव्या तितक्या. राज्याच्या परीक्षांत खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादाच ३८ आहे. म्हणजे एकविसाव्या वर्षी पदवी घेऊन पुण्यात आलेला एखादा मुलगा पुढली सतरा वर्षे उमेदवार म्हणून राहू शकतो, आणि त्या सतरा वर्षांत त्याला कोठल्याही कायद्याने कोणी थांबविणार नाही. वयोमर्यादा वाढली ती न्यायबुद्धीनेच वाढली, हे मला मान्य आहे. परंतु उमेदवारीला शेवट कोठे असावा, हा प्रश्न त्यामुळे आयोगाच्या हातून सुटून त्या मुलाच्या आणि त्याच्या घराच्या पदरात पडला आहे, आणि तेथे तो कोणी विचारीत नाही.

आहे त्यात समाधान मानावे, फार उंच उडी मारू नये, असा उपदेश या तरुणांना करणारे लोक पुष्कळ आहेत. आणि त्यांतील बहुतेकांची स्वतःची व्यवस्था निवृत्तिवेतनासकट लागलेली असते, ही गोष्ट मला फार खुपते. ज्या घराच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या वेळी नांदती शेती होती आणि दोन वाटण्यांनंतर आता बैलजोडी पोसण्याइतकीही जमीन उरली नाही, ज्या घरातल्या शेती करणाऱ्या धाकट्या मुलाला केवळ तो शेती करतो म्हणून सोयरीक येत नाही, ज्या घरातला कर्ता पुरुष वारसाच्या एका नोंदीसाठी, एका फेरफारासाठी चावडीपासून तहसील कचेरीपर्यंत अर्ज घेऊन तिष्ठत राहिला, त्या घरातल्या मुलाला त्या मेजाच्या पलीकडल्या खुर्चीत आपण बसावे असे वाटले, तर त्यात गैर काय आहे? आपल्या समाजात संतोषाचा उपदेश शतकानुशतके ज्यांना करण्यात आला, त्यांच्या वाट्याला पाणवठाही येऊ दिला गेला नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिक्षणाचा, संघटनेचा आणि संघर्षाचा मार्ग दाखविला, तो या लादलेल्या संतोषाचे जोखड झुगारून देण्यासाठीच. लादलेली हीनता आणि मनाचे समाधान यांचा काडीइतकाही संबंध नाही, हे ज्याला पटलेले नाही त्याने या तरुणांशी बोलू नये.

तेव्हा महत्त्वाकांक्षेविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती तिच्या नावाने सगळे जगणेच तहकूब ठेवण्याच्या त्या रीतीविषयी, जी आता इतकी रूढ झाली आहे की तिच्यात काही विपरीत आहे, असे त्या मुलांना वाटत नाही आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनाही वाटत नाही.

पुण्याच्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत किंवा शास्त्री रस्त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत ज्या अभ्यासिका आहेत, त्यांपैकी एखादीत सकाळी सातच्या सुमारास जाऊन पाहावे. दाराबाहेर चपलांचा ढीग. आत प्लायवूडच्या फळ्यांनी विभागलेली, एक माणूस कसाबसा मावेल एवढी टेबले. प्रत्येकाला कुलूप लावलेला खण, पाण्याची बाटली, कोपरे झिजलेले लक्ष्मीकांतांचे राज्यव्यवस्थेवरील पुस्तक, ‘लोकराज्य’चे अंक, वृत्तपत्रांची कात्रणे, आणि समोरच्या फळीवर चिकटविलेला, पट्टीने आखलेला वेळापत्रकाचा कागद. त्या कागदावर पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंतचा प्रत्येक तास इतिहास, भूगोल, अर्थव्यवस्था, चालू घडामोडी, गणित-बुद्धिमत्ता यांच्या नावे लावलेला असतो. व्यायामाचा तास, घरी दूरध्वनी करण्याचा तास, काहीही न करण्याचा तास मला तरी त्या कागदांवर फार क्वचित दिसला. पुष्कळ कागदांच्या माथ्यावर मात्र स्वतःचे नाव आणि त्यापुढे ‘उपजिल्हाधिकारी’ किंवा ‘पोलीस उपअधीक्षक’ असे रंगीत शाईने लिहिलेले असते, आणि ते वाचताना मन भरून येते, कारण त्या अक्षरांमागे कोणाची तरी गहाण पडलेली जमीन असते.

रात्री ही मुले कॉट बेसिसच्या खोलीत परततात, जेथे एका खोलीत चौघांचे अंथरूण असते. मेसचा खर्च वाचविण्यासाठी एक डबा दोघांत खाल्ला जातो. बहिणीच्या साखरपुड्याला जाणे होत नाही, कारण पूर्वपरीक्षा तीन आठवड्यांवर आलेली असते. दुखणारा दात मुख्य परीक्षेनंतर दाखवायचा असतो. आईला पंढरपूरला न्यायचे ते पोस्ट निघाल्यावर. पहिल्या वर्षी ही काटकसर असते, निग्रह असतो, आणि त्याचे कौतुकच करावयास हवे. परंतु पुढे उत्तरतालिका येते, कट-ऑफ दोन गुणांनी हुकतो, नवी जाहिरात निघते, आणि तोच निग्रह दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या वर्षी स्वभाव होऊन बसतो. मग शाळूसोबती भेटला तरी टाळावासा वाटतो, सणाला गावी जाणे नको होते, आणि झोप लागली तरी ती अपराधाची वाटते. अभ्यासासाठी जे जे बाजूला ठेवले, त्याच्या अभावीच अभ्यास खालावू लागतो. पान उलटले जाते, वाचलेले राहत नाही, आणि त्यावर उपाय म्हणून झोपेतला आणखी एक तास कापला जातो.

पतंजलींनी योगसूत्रांत जे पाच नियम सांगितले आहेत, त्यांचा क्रम या संदर्भात मला फार अर्थपूर्ण वाटत आला आहे. शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान. संतोष हा तप आणि स्वाध्याय यांच्या रांगेत आहे, आणि त्या दोहोंच्या आधी आहे. कठोर श्रम आणि नित्य अध्ययन पूर्ण झाल्यावर फळ म्हणून संतोष मिळतो, अशी ती मांडणी नाही. ज्याला तप करावयाचे आहे, स्वाध्याय करावयाचा आहे, त्याने संतोषाचा अभ्यास त्यांच्याबरोबरच करावा, अशी ती मांडणी आहे, असे मी समजतो. आपण घराघरांतून नेमके उलट शिकविले. आधी हुद्दा, मग समाधान. आधी निकाल, मग झोप. आधी पोस्ट, मग जगणे. ज्या मनाला आजच्या दिवसात काही गोड वाटण्याची सवयच उरली नाही, त्याला नियुक्तीचा हुकूम हातात पडल्यावर ती सवय एका रात्रीत कोठून येणार?

येथे मला धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रातील एका प्रसंगाची आठवण होते. हा प्रसंग आजच्या प्रत्येक उमेदवाराने वाचावा अशी माझी फार इच्छा आहे. १८७५ साली, वयाच्या अठराव्या वर्षात असलेला हा मुलगा दापोलीजवळच्या मुरूड गावाहून काही सोबत्यांबरोबर साताऱ्यास निघाला. त्या काळी जी सार्वजनिक परीक्षा उत्तीर्ण झाल्याने सरकारी नोकरीची किंवा शिक्षकाच्या जागेची वाट मोकळी होत असे, तिला बसण्यासाठी. आगगाडी नव्हती, जवळ पैसे नव्हते. भर पावसाळ्यात, सह्याद्रीचा घाट चढून, शंभर मैलांहून अधिक वाट त्यांनी पायी तुडविली. साताऱ्यास पोहोचल्यावर परीक्षकांनी या मुलाकडे पाहिले, हा सतरा वर्षांचा दिसत नाही असे ठरविले, आणि त्याला परीक्षेस बसू दिले नाही. सतरा वर्षे त्याने पुरी केलेली होती. पण देहयष्टी लहान, आणि तेवढ्यावर निकाल लागला. पुढच्या वर्षी कोल्हापूर केंद्रावर तो ती परीक्षा उत्तीर्ण झाला.

या गोष्टीचा उपयोग आजकाल चिकाटीचा नमुना म्हणून केला जातो, आणि तो खोटा नाही. पण मला त्या चरित्रातला पुढला भाग अधिक मोलाचा वाटतो. कर्वे मॅट्रिक झाले, पदवीधर झाले, मुंबईत शिकवण्या करून गुजराण केली, १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे ते आजीव सदस्य झाले, तेथे वीस वर्षांच्या सेवेची शपथ घ्यावी लागे आणि वेतन अगदी बेताचे असे. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे तो हिंगण्याच्या माळरानावर नेला, तेथून महाविद्यालयापर्यंतची वाट रोज पायी तुडविली, आणि १९१६ साली स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची स्थापना केली. याहून मोठी महत्त्वाकांक्षा त्या काळी पुण्यात कोणाची होती? आणि याहून कमी गरजांचा माणूस तरी कोण होता? एका परीक्षकाच्या नजरेने ज्याची सरकारी वाट एका वर्षापुरती बंद केली, त्याची उमेद त्या वाटेला बांधलेली नव्हती. ती कामाला बांधलेली होती, म्हणून ती वर्षानुवर्षे वाढत गेली आणि तिने त्यांना कधी झिजविले नाही. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले तेव्हा ते शंभर वर्षांचे झाले होते.

कामाला बांधलेली उमेद आणि हुद्द्याला बांधलेली उमेद यांत हा जो भेद आहे, तो यशस्वी उमेदवारांकडे पाहिल्यावर आणखी स्पष्ट दिसतो. माझ्या परिचयाची एक मुलगी आहे, सोलापूर जिल्ह्यातल्या एका दुष्काळी तालुक्यातली. गट ‘क’च्या परीक्षेतून तिची निवड झाली आणि ती कर सहायक म्हणून रुजू झाली. पहिल्या वर्षाच्या पगारातून तिने विहिरीच्या खोदाईसाठी काढलेले कर्ज फेडले, धाकट्या भावाचे महाविद्यालयीन शुल्क भरले, घराच्या पत्र्याचे छप्पर काढून स्लॅब टाकला. तिला भेटल्यावर मी तिचे अभिनंदन केले, तर ती संकोचून म्हणाली, “सर, अजून काही झालेलं नाही. तयारी चालूच आहे.” कचेरी सुटल्यावर ती सहा वाजता अभ्यासिकेत जाते आणि अकराला परत येते, राज्य कर निरीक्षक व्हावयाचे आहे, त्यानंतर राज्यसेवा. तिने वरचा हुद्दा इच्छू नये, असे मी मुळीच म्हणणार नाही; ती बुद्धिमान आहे आणि तिच्यासारखे अधिकारी राज्याला हवेत. पण एका कुटुंबाचे कर्ज फेडणारी, एका मुलाचे शिक्षण उभे करणारी मुलगी ‘काही झालेलं नाही’ असे मनापासून म्हणते, तेव्हा हे मोजमाप तिला कोणी शिकविले, याचा जाब आपण सर्वांनी द्यावयास हवा. तिच्या गावात फलक लागला होता, पण तो लावणाऱ्यांनीच तिला पहिल्या दिवशी विचारले होते, “आता पुढे कलेक्टर कधी?”

सरकारचा वाटाही यात थोडा नाही. एप्रिल २०२० मध्ये व्हावयाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा साथीच्या काळात वारंवार पुढे ढकलली गेली. अखेर १४ मार्च २०२१ ही तारीख मुकर्रर झाली आणि परीक्षेस अवघे तीन दिवस उरले असता ती पुन्हा तहकूब करण्यात आली, तेव्हा पुण्यातले उमेदवार रस्त्यावर उतरले. त्यानंतर २१ मार्चला परीक्षा पार पडली. त्याच वर्षी, पूर्व आणि मुख्य या दोन्ही परीक्षा उत्तीर्ण होऊनही मुलाखतीच्या प्रतीक्षेत राहिलेल्या एका तरुणाच्या मृत्यूने सारा महाराष्ट्र हादरला. जाहिरात, पूर्व, मुख्य, मुलाखत, शिफारस आणि नियुक्ती या साखळीतली प्रत्येक कडी ठरल्या मुदतीत पुरी होईल, एवढी हमी जर शासन आणि आयोग यांनी दिली, तर निवड न झालेल्या मुलाची दोन-तीन वर्षे तरी वाचतील. नुसता नकार मनुष्य सोसू शकतो. न येणारा निकाल त्याला आतून पोखरतो. शासनाच्या दफ्तरातली एक महिन्याची दिरंगाई म्हणजे अभ्यासिकेचे एक महिन्याचे भाडे, मेसचा एक महिन्याचा खर्च, आणि गावी व्याजाने काढलेल्या पैशाचा एक महिना असतो, हे त्या दफ्तरात बसलेल्या आणि कधीकाळी स्वतः उमेदवार असलेल्या अधिकाऱ्यांना मी काय सांगावे?

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने संधींच्या संख्येवर कमाल मर्यादा जाहीर केली होती; खुल्या प्रवर्गाला ६, इतर मागास प्रवर्गाला ९. उमेदवारांनी विरोध केला आणि पुढे ती मर्यादा मागे घेण्यात आली. मागे घेतली हे बरेच झाले, कारण वरून लादलेली मर्यादा परिस्थितीचा भेद जाणत नाही. परंतु मर्यादेची गरज त्यामुळे नाहीशी झालेली नाही. ती घरात बसून, परीक्षेस बसण्यापूर्वी, शांत मनाने ठरवावयाची गोष्ट आहे. पेरणीला निघालेला शेतकरी वर्षभराच्या खाण्याचे धान्य आधी बाजूला काढतो आणि उरलेल्यातून बियाणे धरतो. उमेदवारीच्या बाबतीत आपण हा विवेक सोडला आहे. किती वर्षे द्यावयाची, किती पैसा द्यावयाचा, आणि त्या काळात हाताला दुसरे कोणते काम असावयाचे, या तीन ओळी ज्या घरात आधी लिहून ठेवल्या जातील, त्या घरातला मुलगा अपयश घेऊन परतला तरी भंगून परतणार नाही.

तीन ओळींपैकी शेवटच्या ओळीवर माझा विशेष भर आहे, आणि त्यासाठी परक्या मुलखातले उदाहरण शोधण्याची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह उभारले, आणि शिकणाऱ्या मुलाने शेतात, बांधकामावर, स्वयंपाकघरात स्वतःच्या हाताने राबावे, कमवावे आणि शिकावे, असा दंडक घातला. त्यामागे पैशाची निकड होतीच. परंतु ज्या मुलाने सकाळी स्वतः खणलेल्या वाफ्यात पाणी सोडले आहे, त्याला संध्याकाळी गणित सुटले नाही तरी आपला दिवस वाया गेला असे वाटत नाही, हा लाभ त्या पद्धतीत आपोआप होता. आज अभ्यासिकेत चौदा-चौदा तास बसणाऱ्या मुलाला ‘अभ्यासाशिवाय दुसरे काही करू नकोस’ असे जे सांगितले जाते, ते प्रेमाने सांगितले जाते, पण त्यामुळे त्याच्या साऱ्या दिवसाचे मोल एका परीक्षेच्या गुणांवर टांगले जाते. अर्धा दिवस शिकवणी, दुकानाचा जमाखर्च, सहकारी संस्थेतील हिशेबाचे काम, घरची शेती, यांपैकी काहीही चालेल. अभ्यासाचे चार तास कमी झाले तरी उरलेले तास अधिक सजग होतील, असा माझा विश्वास आहे, आणि नोकरी सांभाळून यशस्वी झालेले उमेदवार दरवर्षीच्या निकालात असतात.

घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. दिवाळीला मुलगा चार दिवस येतो, तेव्हा काकांपासून शेजाऱ्यांपर्यंत प्रत्येक जण त्याला ‘यंदा तरी होईल का?’ असे विचारतो. त्याऐवजी जेवतोस का, झोपतोस का, खोलीवर सोबतीला कोण आहे, हे विचारावे. आणि त्याने ठरलेल्या मुदतीनंतर ‘मी आता दुसरे काही करीन’ असे म्हटले, तर त्याच्याकडे अवसान गळाल्यासारखे पाहू नये. मुलीच्या बाबतीत तर हे अधिकच जपावे लागते, कारण तिने अभ्यास सोडल्याचा अर्थ बहुतेक घरांत लगेच स्थळे पाहणे असा होतो, आणि या धाकाने अनेक मुली मन उडालेली परीक्षा वर्षानुवर्षे देत राहतात.

आणखी एक काम शासनाला फार खर्च न करता करता येईल. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेणारी हजारो ग्रंथालये गावोगावी आहेत. त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी कुलूप लागते, आणि स्पर्धापरीक्षेची पुस्तके आहेत ती जुन्या आवृत्त्यांची. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एका ग्रंथालयाला रात्री दहापर्यंत उघडे राहण्यासाठी एका सेवकाचे वेतन, वीस टेबले आणि दरवर्षी नव्या पुस्तकांपुरते जादा अनुदान मंजूर झाले, तर आष्टीच्या, जतच्या, सांगोल्याच्या मुलामुलींना केवळ बसावयास जागा हवी म्हणून पुण्यात कॉट भाड्याने घ्यावी लागणार नाही. ती दिवसा घरचे काम पाहतील, संध्याकाळी वाचतील, आणि रात्री घरचे जेवण जेवून आपल्या अंथरुणावर झोपतील. येत्या अर्थसंकल्पात या तजविजीसाठी एक स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे, आणि पहिल्या वर्षी ती निदान दुष्काळी तालुक्यांतून अमलात आणावी.